काटा हलायलाच नाही

जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा हा त्या गाडीतला बहुधा एकमेव मूळ भाग असतो. इंजिन दोनदा उतरलेलं असतं, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा असतो, हौद्याचे पत्रे बदललेले असतात आणि हॉर्न एसटीला लाजवील असा असतो. काटा मात्र कारखान्यातून आला तसाच. कारण सरळ आहे. चालणारी वस्तू झिजते, आणि काटा गेली कित्येक वर्षं चाललेलाच नसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या नियमात घातली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिच्या नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि वर अट अशी, की रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला ती रस्त्यावर आणायची नाही. परभणी जिल्ह्यातला जुना पिकअप वयाच्या अटीत एखादवेळी बसेलही, पण सकाळी मानवतच्या बाजारात कापूस, दुपारी कडबा आणि रात्री लग्नाच्या मंडपाचे खांब वाहणाऱ्या गाडीला शेवटची अट कशी परवडणार? तेव्हा सरकारी हिशेबानं ती व्हिंटेज नाही, नुसती जुनी आहे. पाठीमागं हौदा बसवून घेतलेली महिंद्राची जीप, बजाज टेम्पोचा मॅटाडोर किंवा १९८८ साली बाजारात आलेली टाटामोबाइल, असं तिचं कूळ असतं.

खरं तर इंधनाच्या काट्याकडे दुर्लक्ष करण्याजोगा हा जिल्हा नव्हे. सप्टेंबर २०१८मध्ये पेट्रोल लिटरमागे नव्वद रुपयांच्या पुढे गेलं तेव्हा देशातल्या सर्वांत महाग गावांत परभणीचं नाव छापून आलं. २०२१मध्ये शंभरी गाठतानाही परभणी पुढेच होती. कारण सांगितलं जातं ते मनमाडचं. तिथल्या डेपोतून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर येतो, आणि त्याचं भाडं दरात मिळतं. म्हणजे जिथं थेंबाथेंबाचा हिशेब लागायला हवा, तिथंच हिशेब सांगणारं यंत्र बंद असतं आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नसते. टायर गुळगुळीत झाला तर मालक बोलतो, वायपर तुटला तर पावसाळ्यात तरी बोलतो. काट्याबद्दल विचारलं तर ड्रायव्हर सहज सांगतो, “काटा हलायलाच नाही, दादा. आपल्याला अंदाज हाय.”

या अंदाजाकडे पुढे यायचंच आहे. आधी यंत्र.

टाकीच्या आत एक तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल असतो, तसाच हा एका दांडीच्या टोकाला जोडलेला. इंधन चढलं की दांडी वर, उतरलं की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पत्री असते. ती बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकते. पत्री कुठं टेकली आहे यावर वीज त्या गुंडाळीच्या किती तारेतून जाते हे ठरतं, म्हणजेच विजेला किती अडथळा होतो ते ठरतं. बॅटरीची वीज किल्लीतून डॅशबोर्डवरच्या मीटरला येते, तिथून एका वायरनं टाकीपर्यंत जाते, गुंडाळीतून टाकीच्या पत्र्यात उतरते आणि चासीमार्फत बॅटरीला परत मिळते. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. फिटरपासून मालकापर्यंत सगळ्यांना जाण्याची वाट ठाऊक असते, परतीच्या वाटेचा विचार कुणी करत नाही. या लेखातली निम्मी भानगड त्यातूनच झालेली आहे.

डॅशबोर्डवरच्या मीटरचे जुन्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार. एकात दोन कॉइल असतात आणि त्यांच्या चुंबकी ओढाताणीत काटा उभा राहतो. दुसऱ्यात दोन धातूंची एक जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. हा दुसरा प्रकार मुळातच आळशी. किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश उठतो, पुष्कळ वेळ घेऊन जागेवर येतो. पण हा आळस मुद्दाम ठेवलेला आहे. खड्ड्यात टाकीतलं इंधन हेलकावे खातं, आणि चपळ काटा असेल तर तो प्रत्येक हेलकाव्याबरोबर नाचेल. परभणी जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर तसा काटा पाहूनच माणसाला गाडी लागेल.

बिघडलेल्या काट्याचे स्वभाव चार. पहिला, कायम ‘ई’वर पडून राहिलेला. हा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत निरुपद्रवी आहे, कारण त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसतो. दुसरा, कायम ‘एफ’वर. हा धोक्याचा. नवीन ड्रायव्हर त्याला भुलतो आणि पाथरी रोडवर भर दुपारी उभा राहतो. तिसरा, डॅशबोर्डवर बुक्की मारली की जागा होणारा. याच्यात कुठेतरी सैल जोड आहे एवढंच समजायचं, पण मालकाला वाटतं बुक्कीत काहीतरी गुण आहे. म्हणून तो पाहुण्यांना मारून दाखवतो.

चौथा स्वभाव चढ-उताराचा. परभणीपासून जिंतूरकडे जाताना सपाट रान संपून नेमगिरीच्या बाजूचे डोंगर सुरू होतात. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरतं, उतारावर पुढे येतं. फ्लोट टाकीच्या मधोमध असेल तर फारसा फरक पडत नाही. एका बाजूला असेल तर चढावर अर्धी दिसलेली टाकी उतारावर पाव होते. हा बिघाड नव्हे, टाकीच्या घडणीचा गुण आहे. पण चढावर काटा वर गेलेला पाहून ड्रायव्हरला जी उभारी येते ती काही घडणीत लिहिलेली नसते. टाकी सरळ चौकोनी नसेल तर ‘अर्ध्या’वरचा काटाही अर्धं इंधन सांगत नाही. वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा भरभर, किंवा उलट. संसारी माणसाला महिन्याच्या पगारात याचा अनुभव असल्यानं त्यात कुणाला नवल वाटत नाही.

काट्यावाचून चालवणं ही मुळात कमीपणाची गोष्ट नव्हे. फोर्डचं मॉडेल टी १९०८पासून १९२७पर्यंत निघालं. त्याच्या बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली होती, आणि इंधन पाहायचं तर माणसांना उठवून, सीट उचलून, आत लाकडी पट्टी घालावी लागे. विलीज जीपचीही टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच. हीच जीप महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जुळवायला घेतली आणि मग ती भारतभर झाली. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलला तर १९६१पर्यंत इंधनाचा काटाच नव्हता. गाडी आचके देऊ लागली की पायाशी असलेला चाप फिरवून राखीव इंधन सुरू करायचं, बस. तेव्हा ‘आपल्याला अंदाज हाय’ या वाक्यामागं एक जागतिक परंपरा उभी आहे.

हा अंदाज चार खांबांवर टेकतो. एक, काठी. कडुनिंबाची सरळ काडी, साल काढलेली, सीटच्या मागे खोचलेली. डिझेलची ओल काडीवर टिकते म्हणून माप नीट दिसतं. पेट्रोल भुर्रकन उडून जातं, त्यामुळे पेट्रोलच्या जीपला काडी बाहेर काढल्याबरोबर पाहावी लागते. दोन, टाकीवर टकटक. भरल्या भागाचा आवाज बसका, रिकाम्याचा खणखणीत. तीन, रुपये. या जिल्ह्यात डिझेल लिटरनं मोजत नाहीत, पाचशेनं मोजतात. “पाचशेचं टाक” म्हणजे सेलूला जाऊन यायचं, “हजाराचं टाक” म्हणजे गंगाखेड करून वर सोनपेठला एक खेप. दर वाढला की पाचशेची गाडी अलीकडच्या गावात थांबते आणि ड्रायव्हर पंपवाल्यावर संशय घेतो. चौथा खांब म्हणजे किलोमीटर, पण त्याची केबल तुटलेली असते, त्यामुळे तीन खांबांवरच भागवावं लागतं.

काठीची पद्धत कितीही थोर माणसाच्या हाती गेली तरी चुकू शकते, याचा दाखला विमानातला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या नव्याकोऱ्या बोइंग ७६७चे इंधनाचे मीटर बंद होते. तेव्हा टाक्यांत मोजपट्ट्या लावून माप घेतलं गेलं. ते लिटरमध्ये आलं, त्याचं वजन करताना किलोऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला, आणि २२,३०० किलो हवं असताना विमान २२,३०० पौंड इंधनावर उडालं. म्हणजे निम्म्याहून कमी. हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं ते अवजड धूड तसंच तरंगत आणून गिमली नावाच्या गावच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. ६९ माणसं बचावली. परभणीच्या ड्रायव्हरकडून अशी चूक होणं शक्य नाही, कारण त्याच्या काडीवर ना लिटर आहे ना पौंड. तिच्यावर ब्लेडनं पाडलेली एकच खूण आहे, आणि तिचा अर्थ ‘आता पंपावर चल’ एवढाच आहे.

तरीही कधीतरी डिझेल संपतं. पेट्रोलची गाडी अशा वेळी बाटलीभर पेट्रोल टाकलं की मुकाट्यानं सुरू होते. डिझेलची होत नाही. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, हवा दाबली जाते पण डिझेलला पुढं ढकलत नाही, आणि इंजेक्टरपर्यंत काही पोचत नाही. ‘गाडीनं एअर घेतली’ असं याला म्हणतात. मग कॅनमधून डिझेल ओतायचं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, फीड पंपावरचा छोटा हातपंप दाबत बसायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. तरी ऐकली नाही तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक ढिले करून स्टार्टर मारायचा. या सगळ्यात हात कोपरापर्यंत माखतात, हौद्यातले वऱ्हाडी खाली उतरून सल्ले देतात, आणि एखादा म्हातारा “आमच्या टायमाला बैलगाडी बरी होती” हे वाक्य टाकतोच. शिवाय तळाची घाण आणि पाणी फिल्टरमध्ये ओढलं जातं ते वेगळंच. त्या फिल्टरच्या पैशांत काटा दुरुस्त होऊन वर चहा-भजी झाली असती.

दुरुस्तीला गाडी गेली म्हणजे तपास उलट्या टोकानं सुरू होतो, आणि हा अनुभव कुठल्याही एका गॅरेजचा नाही. आधी डॅशबोर्ड उघडला जातो, कारण काटा तिथं दिसतो. मीटरवर दोन टिचक्या बसतात. मग निदान येतं: “मीटर गेला, नवा टाकावा लागतो.” नवा मीटर बसतो, काटा जागचा हलत नाही. मग फ्लोट बदलायचं ठरतं. त्या गाडीचा फ्लोट आता मिळत नसतो, म्हणून भंगारातून दुसऱ्या गाडीचा येतो. इथं खरी करमणूक आहे. सगळ्या कंपन्यांची मापं सारखी नाहीत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असताना अडथळा शून्य ओहम आणि भरलेली असताना ९० ओहम. फोर्डच्या जुन्या गाड्यांत बरोबर उलटं, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. अशी बेमेळ जोडी जमली तर टाकी भरली की काटा खाली बसतो आणि रिकामी होत गेली की चढतो. हे लक्षात आल्यावर ड्रायव्हर तक्रार करत नाही. तो उलटं वाचायला शिकतो. गाडी विकताना मात्र ही विद्या पुढच्याला द्यायची राहून जाते.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण गॅरेजातच जन्मली असावी अशी शंका अशा वेळी येते.

सुलट तपास असा. आधी पाहायचं, की फक्त इंधनाचाच काटा बंद आहे की पाण्याच्या तापमानाचाही. दोन्ही एकदम गेले असतील तर टाकीखाली सरपटायची गरज नाही. फ्यूज, किल्लीकडून येणारी वायर, किंवा पट्टीच्या मीटरांना एकसारखा दाब पुरवणारा छोटा स्टॅबिलायझर, यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. एकटाच गेला असेल तर टाकीवर फ्लोटची जी गोल चकती असते तिथली वायर काढायची. किल्ली बंद असताना काढायची, आणि टाकीच्या तोंडापासून लांब नेऊन क्षणभर चासीला टेकवायची. मग दुसऱ्यानं किल्ली फिरवून काटा पाहायचा. वायर मोकळी असताना काटा एका टोकाला आणि चासीला टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठणठणीत आहेत. नवा मीटर घेण्याचा प्रश्न इथंच संपतो. वायर फार वेळ टेकवून ठेवायची नाही, पट्टीचा मीटर त्यानं जळू शकतो.

आता राहिली टाकी, आणि इथं सांगायची गोष्ट एवढीच, की फ्लोट काढण्याआधी अर्थ पाहावा. टाकी चासीला ज्या पट्ट्यांनी आणि बोल्टांनी धरलेली असते तिथून वीज परत जायची असते. परभणीची काळी माती पावसाळ्यात टाकीच्या बुडाला लपेटून बसते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. गंज चढतो. शिवाय कुणीतरी मधल्या काळात टाकीला हौसेनं रंग मारलेला असतो, बोल्टांसकट. गंज आणि रंग दोन्हींतून वीज जात नाही. दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढावा, तो आणि त्याखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासावी, किंवा सरळ टाकीपासून चासीपर्यंत वायरचा एक जादा तुकडा टाकावा. कायम ‘ई’वर पडलेले काटे याच एका कामानं उठून बसल्याचे नमुने गॅरेजातल्या कुणालाही विचारावेत. उस्तादांना हे ठाऊक असतं. पण वायरच्या तुकड्याचं बिल करता येत नाही, ही त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे.

अर्थनंही काटा हलला नाही तर फ्लोट बाहेर काढायचा. गोल चकतीचे पाच-सहा स्क्रू, खाली चिकटून बसलेलं रबरी किंवा बुचाचं पॅकिंग. दांडी सरळ येत नाही, तिला वळवत तिरकी काढावी लागते. फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर त्याच्या डाखाच्या शिवणीत भोक पडलं आहे, आणि तरंगायचं सोडून तो तळाशी झोपला आहे. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात आणि जागा सापडते. पेट्रोलच्या फार जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाचा असायचा, वर शेलॅकचा लेप. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि देशातल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून होतं. म्हणजे गोदाकाठचा जो ऊस पूर्वी जीपनं वाहिला, तो आता तिच्या टाकीत शिरून उट्टं काढतो, असं म्हणायला जागा आहे. फ्लोट शाबूत असेल तर तारेची गुंडाळी पाहावी. ड्रायव्हर नेहमी पाचशेचंच टाकत असल्यानं पत्री वर्षानुवर्षं खालच्या एवढ्याशा भागातच घासलेली असते. तिथली तार झिजून तुटते आणि वरची अगदी नवी राहते. अशा गाडीत टाकी फुल केली की काटा व्यवस्थित चालतो. पण जुन्या पिकअपची टाकी फुल करण्याचा प्रसंग कुठला यायला?

काटा दुरुस्त झाल्यावर पुढं काय होतं, तेही नोंदवायला हवं. ड्रायव्हर पहिले काही दिवस त्याच्याकडे संशयानं पाहतो. काटा अर्ध्यावर आहे म्हणतो, काडीही अर्ध्यावर आहे म्हणते, तरी पंपावर तो पाचशेचंच टाकतो. मालकाला मात्र काटा एकदम आवडू लागतो. संध्याकाळी गाडी आली की तो काट्यावरून हिशेब विचारतो, “सकाळी तर अर्ध्यावर हुता, मंग?” आणि थोड्याच दिवसांत काटा पुन्हा बंद पडतो. या खेपेला बिघाड कुठं आहे हे ड्रायव्हरला नेमकं ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. काडी घातल्यावर आत नीट दिसत नाही म्हणून काडेपेटी ओढणारे आजही आहेत, आणि ‘डिझेल पेटत नसतं’ हा त्यांचा सिद्धान्त आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योतीनं भपकन पेट घेऊ शकते ते, किमान ३५ अंश सेल्सियस असावं लागतं. परभणीत मे महिन्यात सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो, आणि टाकी सावलीत नसते. फ्लोटला डाख लावायचा असेल तर आतलं इंधन पुरतं काढून, तो नीट सुकल्याशिवाय त्याला तापवू नये. टाकीत डोकवायचं असेल तर लांबूनच मोबाइलची बॅटरी लावावी.